उभा पापुद्रा

३ फेब्रुवारी

ताई,

धाकट्याचा नमस्कार. आधीच सांगतो, भांडायला लिहीत नाही. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी आवाज चढवतो, तू गप्प बसतेस, आणि मग दोघांनाही वाटतं की समोरच्यानंच फोन आपटला. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

खिळ्या साडेचार महिन्यांचा झाला. तुला हे नाव आवडत नाही, पण सुताराच्या पोराला दुसरं काय म्हणणार? जिथे ठेवावं तिथे रुतून बसतो. गेल्या आठवड्यात खोकला झाला म्हणून छातीचा फोटो काढला, तर डाव्या फुप्फुसात खाली हवेचा एक फुगा दिसला. सुपारीएवढा. मग मोठ्या मशीनमध्ये घालून पुन्हा फोटो काढले. इथले डॉक्टर म्हणाले, काही मुलांना असा फुगा जन्मापासूनच असतो. त्रास नसेल तर वाट बघू, ऑगस्टमध्ये परत फोटो काढू. कदाचित ऑपरेशन लागणारही नाही.

मला पटलं. हिला नाही. फुगा हा शब्द ऐकला आणि ही दवाखान्याच्या भिंतीला टेकून खालीच बसली. आमच्या थोरल्या ठकीलाही पाच महिन्यांची असताना फुगाच निघाला होता ना. पण तो तुमच्याच हॉस्पिटलात काढला, तुमच्याच लॅबमध्ये तपासला, आणि साधा निघाला. तूच फोन करून सांगितलंस. मी त्या दिवशी दुपारीच वर्कशॉपला कुलूप लावून घरी आलो होतो, इतका आनंद झाला होता. नंतर अडीच वर्षांची असताना तिला जी गाठ झाली, जिनं ती गेली, ती वेगळीच. इथल्या डॉक्टरांनी तुमचा जुना रिपोर्ट वाचूनच तसं सांगितलं होतं.

हिच्या डोक्यात मात्र बसलंय की दोन्हींचा संबंध आहे आणि खिळ्याचं ऑपरेशन आत्ताच करा. ताई, एवढ्याशा जिवाची छाती उघडायची? एका लेकराला आत नेताना बघितलंय मी. पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही.

तू एकतीस वर्षं हेच काम करतेयस. एवढंच लिही, की दोन्हींचा संबंध नाही. मी ते हिला दाखवतो. माझ्या तोंडापेक्षा तुझ्या अक्षरावर हिचा जास्त विश्वास आहे.

आणखी एक. ठकीच्या वेळी पोटुशी असतानाही ही माझ्याबरोबर उभी राहून दरवाजांना पॉलिश मारायची, दिवसभर त्या वासात. ह्या वेळी मी तिला वर्कशॉपची पायरी चढू दिली नाही. तरी हे झालंच. कुठे काय चुकतंय कळत नाही.

धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच, रंधा मारायचा राहून गेल्यासारखं. खिळ्या हे नाव शाळेत घालताना तरी बदल, नाहीतर मास्तर त्याला रोज ठोकतील.

त्याचा खोकला गेला का? दूध नीट पितो का? पिताना धाप लागत नाही ना? हे आधी कळव.

तू विचारलंस ते. दोन्हींचा संबंध नसावा. ठकीच्या वेळचे आमचे मोठे डॉक्टर फार बारकाईनं बघणारे होते. ते आता हयात नाहीत, पण त्यांचा रिपोर्ट आहे. तरीसुद्धा ऑगस्टपर्यंत थांबू नका. मुलांच्या दुसऱ्या एखाद्या सर्जनला दाखवा. दोन मतं असलेली बरी.

लॅबमध्ये दोघी रजेवर आहेत, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. जुने कागद बघून सवडीनं लिहीन. तुझ्या धाकटीला म्हणावं, जेवत जा.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. "दोन्हींचा संबंध नसावा" हे वाक्य दोनदा वाचलं. पुढचं दुसऱ्या सर्जनचंही वाचलं, पण मीच म्हणालो, आत्याचं काळीज आहे, चार जणांना दाखवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.  हिनं पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं.

मग आम्ही ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. ऑगस्टपर्यंत थांबायचं. डोक्यावरचं ओझं उतरलं ताई, खरंच. खिळ्यासाठी पाळणा करायला घेतलाय, सागवानाच्या उरलेल्या पट्ट्यांचा. कोपरे सगळे गोल केलेत. पॉलिश मात्र मारणार नाही, कोरडाच ठेवणार.

त्याचा खोकला गेला. दूध पितो, धाप वगैरे काही नाही. तू उगाच घाबरवतेस.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

परवा मी फोन केला आणि म्हणाले, ऑपरेशन लगेच करून घ्या. तू विचारलंस, का? मला सांगता आलं नाही. तू म्हणालास, "आधी एक लिहायचं, मग दुसरं बोलायचं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" आणि फोन ठेवलास. बरोबर केलंस. आता ह्या पत्रात सगळं लिहिते. उभ्यानं वाचू नकोस, बसून वाच. शेवटपर्यंत वाच.

शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे आला की तो औषधांतून फिरवून, त्यातलं पाणी काढून माझ्या टेबलावर येतो. मी तो छोट्या साच्यात ठेवते आणि वर पातळ मेण ओतते. मेण थिजलं की ठोकळा तयार. त्या ठोकळ्याचे मशीनवर अगदी झिरझिरीत काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघतात ते एवढंच. म्हणजे साच्यात तुकडा मी जसा ठेवीन, तसाच तो त्यांना दिसणार.

फुग्याचा पापुद्रा असेल तर तो साच्यात उभा ठेवायचा असतो. तू प्लायवूड घेताना वरून हात फिरवून घेत नाहीस, कड बघतोस. आतले थर कडेलाच कळतात. पापुद्रा आडवा ठेवला तर डॉक्टरांना वरचं अस्तर तेवढं दिसतं, त्याच्या खाली काय आहे ते दिसतच नाही.

ठकीच्या फुग्याचे दोन तुकडे माझ्यासमोर आले. सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात होतं, "उभे ठेवा." मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भाचीचं काम आत्याच करणार, असं मिरवत सगळ्यांना सांगितलं. पापुद्रा पातळ होता. चिमट्यानं उभा केला की लवंडायचा. तीनदा उभा केला, तीनदा पडला. मेण थिजत चाललं होतं आणि मागे बासष्ट तुकडे रांगेत होते. मी तो आडवा दाबला. दुसराही तसाच. मनात म्हणाले, साधा फुगा तर आहे.

डॉक्टरांना निरोगी अस्तर दिसलं, त्यांनी तसं लिहिलं. मी त्यांना सांगायला हवं होतं की तुकडे आडवे पडलेत. तेव्हा बाकीचा फुगा बरणीत शिल्लक होता, परत करता आलं असतं. नाही सांगितलं. चोवीस वर्षं ज्या हातांचं सगळे कौतुक करत आले त्या हातांनी घाई केली, हे मला कबूल करवेना. महिन्यानं नियमाप्रमाणे बरणी रिकामी झाली.

आणि हे सगळ्यात वाईट. ठकीला गाठ झाली असं तू कळवलंस, तेव्हा मला पहिल्याच क्षणी ते दोन तुकडे आठवले. तळघरात जिथे जुने ठोकळे ठेवतात तिथे गेले. तिच्या नंबरच्या खणाला हात लावला आणि परत आले. स्वतःला समजावलं की आता बघून उपयोग काय. तुझं ह्या वेळचं पत्र आलं तेव्हाही आठ दिवस तेच केलं, आणि तुला "नसावा" असं लिहून टाकलं. मोठे डॉक्टर वारलेत, त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. तू त्या एका शब्दावर ऑगस्टपर्यंत थांबायचं ठरवलंस हे वाचलं, आणि त्याच दिवशी पुन्हा तळघरात गेले.

मी खण उघडला. आमच्या आताच्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किती उरलंय?" एक ठोकळा कापून संपलाय. दुसऱ्यात नखाएवढा पापुद्रा आहे. मेण वितळवून तो उभा करता येईल, पण एकदाच.

बाई म्हणाल्या, लहान मुलांच्या फुप्फुसात एक फार विरळा प्रकार होतो. सुरुवातीला तो साध्या फुग्यासारखा हुबेहूब दिसतो, फरक फक्त अस्तराखालच्या थरात. तसाच राहिला तर दोन-तीन वर्षांत तिथे गाठ धरते. काही घरांत तो एकापेक्षा जास्त भावंडांना होतो. फुगा असतानाच काढला तर बहुतेक मुलं वाचतात.

पुढचा प्रश्न तू विचारशील, म्हणून मीच लिहिते. हो. तेव्हा कळलं असतं तर ठकी बहुतेक वाचली असती.

सोबत एक अर्ज आहे. तिचा ठोकळा पुन्हा तपासायला आणि त्याची जनुकांची चाचणी करायला आईबापांच्या सह्या लागतात. मला वाटेल ते बोल, पण आधी सही कर. ठकीच्या त्या नखाएवढ्या तुकड्यात खिळ्याचं उत्तर आहे.

ताई


९ मार्च

वन्सं,

नमस्कार. ते लिहीत नाहीयेत. तुमचं पत्र त्यांनी वर्कशॉपमध्ये वाचलं आणि दोन दिवस तिथेच बसून होते. पाळण्याचे सगळे सांधे उखडून टाकलेत. मी पत्र त्यांच्या खिशातून काढून घेतलं. तुम्ही ते मला लिहिलं नव्हतं, पण मीही आई आहे.

दोघांच्या सह्या आहेत. माझी आधी आहे. त्यांनी काल केली.

तुमच्यावर मी आत्ता रागावू शकत नाही, कारण मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. त्या तुकड्यावरून कळतं का, की ठकीचं दुखणं कशानं आलं? पॉलिशच्या वासानं येतं का ते?

हे मी कुणालाच बोलले नाही. ठकी आजारी पडली तेव्हा ते मला म्हणाले, "पोटात होती तेव्हापासून तू तिला विष हुंगवलंस." एकदाच म्हणाले. पण मग शेवटचे दोन महिने मला तिच्याजवळ झोपू दिलं नाही. माझ्या कपड्यांना, केसांना वास येतो, त्यानं तिला खोकला येतो, म्हणून. मी डोक्यावरून पाणी घेऊन, नवं लुगडं नेसून दाराशी उभी राहायचे. ती आतून हाका मारायची. मला वाटायचं, त्यांचंच खरं असेल. मीच आत जायचे नाही.

वास येतो की नाही ते आपलं आपल्याला कळत नाही ना वन्सं.

एवढं बघा. जे असेल ते लिहा, मला "नसावा" लिहू नका.

धाकटी


१५ मार्च

धाकटी,

काल फोनवर तुला अर्धं सांगितलंच. तुझा आवाज इतका शांत होता की मला तुझीच भीती वाटली. आता नीट लिहिते.

मला मेणाच्या टेबलावरून हलवलं आहे. चौकशी चालू आहे आणि ती व्हायलाच हवी. म्हणून ठकीचा तुकडा मी उभा केला नाही, डॉक्टरबाईंनी स्वतः केला. मी शेजारी हात मागे बांधून उभी होते. ठोकळा वितळला, पापुद्रा वर आला, बाईंनी तो गरम चिमट्यात धरला आणि मेण थिजेपर्यंत सोडलाच नाही. किती वेळ लागला म्हणशील? मनात पन्नास आकडे मोजून झाले तेवढा. तेवढाच वेळ मी सात वर्षांपूर्वी दिला नव्हता.

काप काढले, रंगवले. बाईंनी बघितलं आणि मला बघायला बोलावलं. वर निरोगी अस्तर, आणि त्याच्या लगेच खाली लहान लहान काळसर पेशींची दाट रांग. वरून दिसणं शक्यच नव्हतं. बाई म्हणाल्या, "हाच तो प्रकार." उरलेलं जनुकांच्या चाचणीला पाठवलंय, त्याला तीन-चार आठवडे लागतील. पण खिळ्यासाठी त्या चाचणीची वाट बघायची नाही. ठकीचा फुगा तसा होता, तर खिळ्याचा तसाच धरून चालायचं. ऑपरेशन लगेच. बाईंनी तुमच्या सर्जनशी बोलून घेतलंय.

आता तुझा प्रश्न. मी तो बाईंना तुझ्याच शब्दांत विचारला. त्या म्हणाल्या, ह्याचा वासाशी, रंगाशी, पॉलिशशी काहीही संबंध नाही. हा दोष बहुतेक वेळा जन्मतःच एका जनुकात असतो, आणि बऱ्याचदा आई किंवा बापाकडून आलेला असतो. त्या आई किंवा बापाला आयुष्यभर पत्ताही नसतो.

हे सांगता सांगता त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. तेविसाव्या वर्षी माझी गळ्याची गाठ काढली, तिचा व्रण तू बघितलायस. बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला होती? आईला होती. मरेपर्यंत होती. ह्याच दोषानं काही घरांत गळ्याच्या गाठी होतात म्हणे. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे तुकडे बघितले, आणि आपल्या गळ्यावर काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही.

तुम्हा दोघांचं आणि खिळ्याचं रक्त पाठवा. माझंही दिलंय. नक्की उत्तर येईल तेव्हा मी लिहीन, पण तोवर रक्ताची वाट न बघता एक गोष्ट माझ्याकडून खरी धर. तुझ्या कपड्यांच्या वासानं ठकीला काहीही झालेलं नाही.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तेवढी हिंमत नाही.

ताई


२५ मार्च

ताई,

ऑपरेशन २ एप्रिलला आहे, इथेच. रक्त घेऊन गेले.

सर्जनला मी सांगितलंय की जे निघेल ते तुमच्या लॅबला पाठवायचं. ते म्हणाले, इथेही लॅब आहे. मी म्हणालो, नाही, तिथेच. आणि तुमच्या डॉक्टरबाईंना मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे की तुकडे माझ्या बहिणीनंच उभे करायचे. त्यांना हवं तर त्यांनी बाजूला बसावं, पहारा ठेवावा, चौकशी करावी, तुला नंतर घरी बसवावं. माझी हरकत नाही. पण हात तुझा पाहिजे.

माफ केलं असा अर्थ काढू नकोस. तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही. ठकीच्या लाकडी बैलगाडीचं एक चाक अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. मी ते रोज बघतो आणि रोज तुझ्या नावानं बोटं मोडतो.

पण मी कारागीर आहे. ज्यानं एकदा माप चुकवून अख्खा दरवाजा वाया घालवलाय आणि ते ज्याला झोंबलंय, तो पुढचं माप तीनदा घेतो. नवा माणूस घेत नाही. जगात ह्या घडीला असा एकच हात आहे जो माझ्या पोराचा पापुद्रा आडवा पडू देणार नाही.

बाकी हिनं तुला काय लिहिलं ते मला माहीत नाही. तुझं उत्तर ती ट्रंकेत ठेवते आणि किल्ली कमरेला लावते. विचारलं तर म्हणते, "आमचं आहे."

धाकटा


२१ एप्रिल

धाकट्या,

खिळ्याचा फुगा अख्खा निघाला, कडेला निरोगी फुप्फुस सोडून. हे तुला सर्जननं सांगितलंच असेल. आता माझ्याकडचं.

बाईंनी ह्या वेळी दोन नव्हे, सगळाच फुगा घ्यायचा ठरवलं. एकोणीस तुकडे झाले. त्या माझ्या उजव्या बाजूला बसल्या. पहिले दोन उभे राहिले. तिसऱ्याच्या वेळी मी थांबले. मी चिमटा खाली ठेवला, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आले. बाईंनी विचारलं, "मी करू?" मी म्हणाले, त्यानं माझा हात मागितलाय. मग एकोणीसच्या एकोणीस उभे केले. सकाळी सुरुवात केली, काम संपेतो दुपार झाली. शेजारच्या टेबलावरच्या पोरी दबक्या पावलांनी चालत होत्या.

सतरा तुकड्यांत काही नाही. दोन तुकड्यांत अस्तराखाली तीच काळसर पेशींची रांग, अगदी थोडीशी. ठकीसारखाच प्रकार, पण फुग्याच्याच टप्प्यावर. गाठ कुठेही धरलेली नाही. ऑगस्टपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं ते बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिली काही वर्षं त्याचे दर तीन महिन्यांनी फोटो काढावे लागतील, सहा-सात वर्षांचा होईपर्यंत धाकधूक राहील. पण बाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

दुसरी गोष्ट रक्ताची. ठकीच्या तुकड्यात एका जनुकात दोन दोष सापडले. एक त्या फुग्यातच तयार झालेला, एक जन्मापासूनचा. जन्मापासूनचा तोच दोष खिळ्याच्या रक्तात आहे. धाकटीच्या रक्तात नाही. तुझ्या रक्तात आहे. माझ्याही आहे. तो आईकडून आला.

ह्यात तुझी काही चूक नाही, जशी आईची नव्हती. रक्तातून काय आलं ते कुणी मागून घेत नाही. पण धाकटीनं मला मार्चमध्ये काय विचारलं होतं ते आता तुला सांगते. तिनं विचारलं, पॉलिशच्या वासानं ठकी गेली का. आणि तिनं दाराबाहेरच्या त्या दोन महिन्यांचंही लिहिलं.

वासाचा संबंध नाही, हे मी तिला तेव्हाच कळवलंय. पण दोष कुणाच्या रक्तातून आला ते मी तिला लिहिणार नाही. टाळते म्हणून नव्हे. ते तू तुझ्या तोंडानं सांगायचं आहेस. मी गप्प बसून काय केलं ते तू बघितलंस. माझ्यासारखं करू नकोस. आठ दिवससुद्धा थांबू नकोस.

मला नोकरीवरून काढलेलं नाही, पण मेणाचं टेबल आता कायमचं सुटलं. खिळ्याचे एकोणीस हे माझे शेवटचे.

ताई


२ मे

ताई,

पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. आठ दिवस थांबलो नाही. ही खिळ्याला मांडीवर घेऊन बसली होती, त्याच्या टाक्यांना मलम लावत होती. मी समोर बसलो आणि तुझं पत्र सुरुवातीपासून वाचलं. रक्तापर्यंत आलो आणि थांबलो. पाणी प्यालो, पुन्हा वाचलं. एकही शब्द गाळला नाही. दाराबाहेरच्या दोन महिन्यांचंही वाचलं.

मला वाटलं रडेल, ओरडेल, मला मारेल. तिनं मलमाची डबी बंद केली. म्हणाली, "ते परत वाचा. धाकटीच्या रक्तात नाही, ते." मी वाचलं. म्हणाली, "अजून एकदा." मी वाचलं.

मग खिळ्याला माझ्या हातात दिलं आणि माझ्या खिशातून वर्कशॉपची किल्ली काढून घेतली. मी पोराला घेऊन मागे गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा ती पायरी चढली. तिचा पॉलिशचा डबा कोपऱ्यात तसाच होता. आत सगळं दगड झालेलं, ब्रश त्यातच उभा अडकलेला. तिनं तो ओढून बघितला, निघाला नाही. म्हणाली, "नवा आणा." मी गेलो आणि आणला. मोडलेला पाळणा मी पुन्हा सांधला होता, त्याला ती चार दिवस पॉलिश मारतेय. मी खिळ्याला घेऊन अंगणात बसतो. त्याचे टाके सुकले आहेत. हाका मारल्या की मान वळवतो.

पाळणा फार सुंदर झालाय. तिच्यासारखा हात माझ्या वर्कशॉपात नाही, कधीच नव्हता.

काल हात पुसत ती बाहेर आली. मी म्हणालो, माझं चुकलं. म्हणालो, सांग मी काय करू, तू म्हणशील ते करतो. तिनं आधी खिळ्याला माझ्याकडून घेतलं, तसंच, त्या वासाच्या कपड्यांनी, छातीशी धरलं. मग म्हणाली, "ते दोन महिने मला परत द्या."

एवढं बोलून आत गेली. राग नव्हता आवाजात. खरंच मागत होती.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, ताई. पण हे विचारायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही. तुझ्याकडे निदान नखाएवढा तुकडा उरला होता, वितळवून पुन्हा उभा करायला. मी काय वितळवू?

धाकटा